लोमेलची वाळू

बेल्जियमच्या ईशान्य टोकाला, हॉलंडच्या सीमेलगत लोमेल नावाचं गाव आहे. तिथली वाळू मोटोक्रॉसच्या, म्हणजे कच्च्या मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींच्या, जगात बदनाम आहे. पिठासारखी मऊ, खोल, आणि शर्यतीचे दोन-चार फेरे झाले की तिच्यात कंबरभर लाटा उठतात. वेग जरा कमी केला की पुढचं चाक नांगराच्या फाळासारखं आत घुसतं, जास्त ठेवला की लाटेवरून गाडी रायडरला फेकून देते. जे याच मातीत लहानाचे मोठे झाले त्यांनाच तिचा स्वभाव कळतो असं मानलं जाई, आणि बेल्जियन पोरं तर याच मातीतली.

सप्टेंबर १९८१ मध्ये याच वाळूत देशोदेशींच्या संघांची २५० सीसीची शर्यत भरली. अमेरिकेने चार जण पाठवले होते: डॅनी लापोर्ट, डॉनी हॅन्सन, जॉनी ओमारा आणि चक सन. चौघेही होंडाचे. अमेरिकेतली त्या काळची सगळ्यात मोठी नावं या यादीत नव्हती. बॉब हॅना नव्हता, मार्क बार्नेट नव्हता. दुसऱ्या फळीचा संघ आलाय म्हणून युरोपात थोडी चेष्टाही झाली. चौघांपैकी तिघे कॅलिफोर्नियाचे, म्हणजे कडक, कोरड्या जमिनीवर वाढलेले. पण त्यांच्या बाजूला जो उंच, शिडशिडीत, कमी बोलणारा व्यवस्थापक उभा होता, तो स्वतः बेल्जियन होता. मोटोक्रॉस देस नासिओं म्हणजे या खेळातला राष्ट्रांचा विश्वचषक. तो जिंकणाऱ्या बेल्जियन संघात हा सहा वेळा होता. ५०० सीसीचं जगज्जेतेपद पाच वेळा त्याच्या नावावर होतं. रॉजर डी कॉस्टर.

अमेरिकन संघ लोमेलला जिंकला. पुढच्या रविवारी जर्मनीत बीलश्टाइनला ५०० सीसीची मुख्य शर्यत, म्हणजे मोटोक्रॉस देस नासिओं होती, तीही जिंकला. त्याआधी अमेरिकेला ही स्पर्धा कधीच जिंकता आली नव्हती. तेव्हापासून १९९३ पर्यंत, सलग तेरा वर्षं, ती दुसऱ्या कुणाला जिंकता आली नाही.

बेल्जियमच्या लाडक्या खेळाडूने बेल्जियमच्या अंगणात परक्यांना जिंकायला शिकवलं, असं या गोष्टीचं एका ओळीत वर्णन करता येतं. त्या ओळीत घरभेदीपणाचा वास येतो, पण तो खरा नाही. हे कसं घडलं ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

या खेळाचा जन्म इंग्लंडचा. १९२४ साली कॅम्बर्ली इथल्या माळरानावर मोटारसायकलींची एक स्पर्धा झाली. त्याआधीच्या स्पर्धांत अवघड चढ-उताराचे टप्पे असत आणि पाय टेकला की गुण कापले जात. इथे तसलं काही नव्हतं. जो आधी पोचेल तो जिंकेल, एवढाच नियम. या प्रकाराला इंग्रजांनी ‘स्क्रॅम्बल’ म्हटलं. मराठीत त्याला ‘धडपड’ हा शब्द चपखल बसतो, कारण त्यात धडपडणंही आहे आणि पडणंही. दुसऱ्या महायुद्धानंतर हा खेळ खाडी ओलांडून फ्रान्स-बेल्जियम-हॉलंडकडे आला आणि त्याचं नाव मोटोक्रॉस झालं. १९४७ मध्ये हॉलंडच्या वासेनारला पहिली राष्ट्रांची स्पर्धा झाली, ती ब्रिटनने जिंकली. १९५२ मध्ये ५०० सीसीचं युरोपीय अजिंक्यपद सुरू झालं आणि पहिलाच विजेता बेल्जियन निघाला, व्हिक्टर लेलू. १९५७ पासून त्याला जागतिक दर्जा मिळाला आणि पुढच्याच वर्षी रने बाटेन हा आणखी एक बेल्जियन जगज्जेता झाला. दोन वर्षांनी तो शर्यतीतच मरण पावला.

एवढ्याशा देशात या खेळाचं इतकं वेड का, याचं एक उत्तर नामूरला मिळतं. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या टेकडीवर १९४७ पासून शर्यती होत. मोठ्या झाडांच्या बुंध्यांमधून, दगडी फरशीच्या रस्त्यावरून, मुळं आणि चिखल तुडवत गाड्या धावायच्या, आणि एका वळणावर तर चक्क एका उपाहारगृहाच्या दारावरून. आत बिअरचे पेले, बाहेर चिखलाचे शिंतोडे. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीच्या घाटाला जी जत्रेची कळा येते, तीच नामूरच्या टेकडीला यायची. २००७ पर्यंत ही परंपरा टिकली.

रॉजरचा जन्म २८ ऑगस्ट १९४४ चा, ब्रसेल्सच्या कडेला असलेल्या युक्ल या भागातला. देश तेव्हा जर्मन ताब्यातून सुटायच्या बेतात होता. पोरवयात छोट्या इंजिनांच्या गाड्यांवर त्याने सुरुवात केली, आधी तोल सांभाळत खडकांवरून जाण्याच्या ट्रायल्स प्रकारात, मग मोटोक्रॉसमध्ये. ट्रायल्सची ती शिस्त पुढे कायम दिसत राहिली. इतर जण गाडीशी कुस्ती खेळायचे. हा गाडीवर उभा राहून असा जायचा की मागून बघणाऱ्याला वाटावं, याच्या वाटेला खड्डे कमी आलेत.

त्याला पहिली मोठी गाडी मिळाली ती चेक बनावटीची, ‘चे-झेट’. स्ट्राकोनित्से गावच्या या कारखान्याची सुरुवात शस्त्रांपासून झाली होती. नावातल्या ‘झेट’चा अर्थच शस्त्रांचा कारखाना. साम्यवादी चेकोस्लोव्हाकियाने युद्धानंतर चे-झेट आणि यावा हे दोन कारखाने एका छत्राखाली आणले. म्हैसूरला १९६० च्या दशकापासून जावा आणि पुढे येझदी बनवणारी आयडियल जावा कंपनी हे याच घराण्याचं भारतीय बिऱ्हाड. पुण्या-मुंबईत ज्यांनी येझदीचा दोन सायलेन्सरांचा ठेका ऐकलाय, त्यांनी डी कॉस्टरच्या पहिल्या मोठ्या गाडीच्या चुलत बहिणीचा आवाज ऐकलाय असं खुशाल समजावं. सातव्या दशकात मोटोक्रॉसचा रंग याच चेक टू-स्ट्रोक गाड्यांनी बदलला. ब्रिटनच्या अवजड फोर-स्ट्रोक गाड्या हळूहळू मागे पडल्या. पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने चे-झेटवर १९६६ ते १९६८ अशी तीन वर्षं ५०० सीसीचं अजिंक्यपद घेतलं.

आणि २५० सीसीत चे-झेटवर होता ज्योएल रोबेर.

रोबेरबद्दल थांबून सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय रॉजरची गोष्ट अर्धी राहते. वयाने जेमतेम वर्षभर मोठा, बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागातला. १९६४ मध्ये विशीत जगज्जेता झाला आणि एकूण सहा वेळा झाला. पन्नास ग्रां प्री त्याने जिंकल्या. तो विक्रम पुढे अनेक वर्षं टिकला. व्यायाम, पथ्य, लवकर झोपणं यांच्याशी त्याचं जमलं नाही. सिगारेट, खाणंपिणं, मित्रांचा गराडा हे त्याचं जग. त्याच्याकडे उपजत देणगी इतकी होती की त्याला सरावाची गरजच वाटली नाही. रॉजरकडे तितकी देणगी नव्हती, निदान त्याची स्वतःची तशी खात्री असावी. म्हणून तो धावायला लागला. व्यायामशाळेत जायला लागला. त्या काळच्या शर्यतीत एकाच दिवशी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या दोन फेऱ्या असत. हात आखडून जात, श्वास पुरत नसे. शेवटच्या दहा मिनिटांत बाकीचे ढिले पडले की रॉजर पुढे सरकायचा. मोटोक्रॉसमध्ये शरीर तयार करणं हा कामाचा भाग आहे, हे ज्यांच्यामुळे सर्वमान्य झालं त्यांत त्याचं नाव पहिलं घेतलं जातं. गुणी माणूस बिनकष्टाने जिंकतो तेव्हा बघायला मजा येते हे खरं. पण पुढच्या पिढीला त्याच्याकडून शिकण्यासारखं फारसं उरत नाही.

दोघांची वाट एका ठिकाणी मिळाली, आणि ते ठिकाण जपानमधलं हामामात्सू. सुझुकीचं गाव.

सुझुकीने सातव्या दशकाच्या मध्यावर युरोपच्या मोटोक्रॉसमध्ये उडी घेतली होती आणि सपशेल आपटी खाल्ली होती. इंजिनाला जोर होता, पण खड्ड्यांत गाडी आवरत नसे. मग १९६८ मध्ये त्यांनी उले पेटरसन या स्वीडिश रायडरला हाताशी धरलं. त्याने चालवायचं, काय चुकतंय ते सांगायचं, अभियंत्यांनी बदलायचं. दोन वर्षांत गाडी तयार झाली. १९७० मध्ये ती रोबेरच्या हाती आली आणि जपानी गाडीवरचं पहिलं मोटोक्रॉस जगज्जेतेपद सुझुकीला मिळालं. १९७१ मध्ये ५०० सीसीसाठी त्यांनी डी कॉस्टरला घेतलं. त्याच वर्षी तो जगज्जेता झाला. १९७२ ला पुन्हा, १९७३ ला पुन्हा.

त्या गाड्या म्हणजे कारागिरीचा नमुना होत्या. टायटॅनियम, मॅग्नेशियम, जिथे ग्रॅम वाचेल तिथे वाचवलेला. इतर कंपन्यांच्या गाड्यांपेक्षा त्या इतक्या हलक्या झाल्या की १९७३ पासून किमान वजनाची अट घातली गेली, आणि सुझुकीला मेहनतीने उतरवलेलं वजन परत चढवावं लागलं. तरीही त्या हंगामात रॉजरने जर्मनीच्या विली बाउअरला निसटत्या फरकाने मागे टाकलं.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. रॉजरच्या विजयांच्या जोरावर सुझुकीने टीएम ४०० नावाची गाडी दुकानात आणली. रंग तोच पिवळा, नाव तेच. आत मात्र कंपनीच्या खास गाडीतलं जवळजवळ काहीच नव्हतं. ताकद अशी अचानक उसळून यायची की भल्याभल्यांनी तिच्यावरून जमीन पाहिली. मोटोक्रॉसच्या इतिहासातल्या सर्वांत खुनशी गाड्यांची नावं काढली की आजही हिचं नाव वर असतं. रॉजरसारखं व्हायला निघालेल्या कित्येक अमेरिकन पोरांना आपल्यात आणि रॉजरमध्ये नेमकं किती अंतर आहे, ते या गाडीने पहिल्याच उंचवट्यावर दाखवलं. आठव्या दशकाच्या मध्यावर आरएम मालिका आली तेव्हा कुठे दुकानातली गाडी आणि विजेत्याची गाडी एका गोत्रातल्या वाटू लागल्या.

सुझुकीची सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच. लिएज विद्यापीठाशी संबंधित लुसियाँ टिल्किन्स या बेल्जियन अभियंत्याने मागच्या चाकाला दोन शॉक ॲब्झॉर्बरऐवजी टाकीखाली एकच लांब शॉक बसवण्याची रचना केली. चे-झेटवर त्याचा पहिला प्रयोग झाला. ही कल्पना आधी सुझुकीकडे गेली. सुझुकीने ती घेतली नाही. यामाहाने घेतली. १९७३ मध्ये स्वीडनच्या होकन अँडरसनने त्याच मोनोशॉकवर २५० सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं आणि जगभर गाड्यांच्या मागच्या चाकाची उडी एकदम वाढू लागली. त्याआधी शंभर मिलिमीटरच्या आसपास हलणारं चाक दशकाच्या अखेरीस त्याच्या अडीच-तीन पट हलायला लागलं. आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक नव्या स्पोर्टी गाड्यांच्या सीटखाली जो एकुलता एक शॉक दिसतो, त्याचं मूळ त्या बेल्जियन डोक्यात आहे.

१९७४ ला फिनलंडच्या हाइकी मिक्कोलाने रॉजरचं पद हिसकावलं. मिक्कोला म्हणजे अंगावर धावून जाणारा, गाडी मोडेल की राहील याची फिकीर न करणारा रायडर. दोघांची जुगलबंदी वर्षानुवर्षं चालली. १९७५ आणि १९७६ रॉजरचं, १९७७ आणि १९७८ मिक्कोलाचं. १९७८ मध्ये सरावात रॉजर असा पडला की त्याची प्लीहा काढून टाकावी लागली. जीव वाचला हेच पुष्कळ होतं. चौतिशीला आलेला, पाच वेळा जिंकलेला माणूस. त्याने हेल्मेट खुंटीला टांगलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. तो त्याच हंगामात पुन्हा शर्यतीला उभा राहिला. पुढे सुझुकी सोडून तो होंडाकडे गेला आणि १९८० मध्ये लक्झेंबर्गची ग्रां प्री जिंकून थांबला. ती त्याने जिंकलेली छत्तिसावी ग्रां प्री. वयही तेव्हा छत्तिशीच्या आसपास.

अमेरिकेचं प्रकरण याच्या खूप आधी सुरू झालं होतं. १९६६ मध्ये एडिसन डाय या हुस्क्वार्ना मोटारसायकलींच्या आयातदाराने चार वेळचा जगज्जेता होऊ घातलेल्या स्वीडनच्या टॉर्स्टन हॉलमनला कॅलिफोर्नियात आणलं. अमेरिकन लोकांना वाळवंटातल्या लांब शर्यती माहीत होत्या, अंडाकृती सपाट मातीचे ट्रॅक माहीत होते. हॉलमनने त्यांना मोटोक्रॉस दाखवलं आणि दर शर्यतीत इतकं मागे टाकलं की प्रेक्षकांना पुढच्या रायडरची वाट बघत बसावं लागे. मग दर शरद ऋतूत, युरोपचा हंगाम संपला की, तिकडचे रायडर अमेरिकेत जाऊ लागले. १९७० पासून त्यांच्यासाठी ट्रान्स-एएमए नावाची मालिका भरू लागली. व्हॅनमध्ये गाड्या टाकायच्या, हजारो मैल हिंडायचं, दर रविवारी एक शर्यत.

डी कॉस्टरने ही मालिका १९७४ ते १९७७ अशी सलग चार वर्षं जिंकली. अमेरिकन पोरांनी त्याला एक साधं टोपणनाव दिलं, ‘द मॅन’. आपल्याकडे गावचा पैलवान म्हटलं की नाव सांगावं लागत नाही, तसं. पण तो फक्त जिंकून पैसे घेऊन परत जात नव्हता. तो बघत होता. या पोरांकडे वेग होता, धाडस होतं. लहान वयात त्यांना स्टेडियममधल्या सुपरक्रॉसची गोडी लागली होती. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये माती ओतून केलेल्या पहिल्या मोठ्या शर्यतीचा विजेता मार्टी ट्रिप्स सोळा वर्षांचा होता. कमी होती ती दमाची आणि शर्यत वाचण्याची. १९७८ मध्ये बॉब हॅनाने ट्रान्स-एएमए जिंकली तेव्हा पहिल्यांदा ही मालिका अमेरिकन माणसाच्या हाती आली. पोरं शिकली होती. शिकवणाऱ्याने ते सगळ्यांच्या आधी ओळखलं आणि निवृत्त झाल्यावर तो कॅलिफोर्नियात होंडाच्या संघाकडे गेला.

म्हणून लोमेलचा १९८१ चा विजय आभाळातून पडला नव्हता. बेल्जियममध्ये राहून रॉजर आणखी एक बेल्जियन विजेता घडवू शकला असता, पण तिथे आंद्रे मालेर्ब होता, जॉर्ज जोबे होता, तयार विजेत्यांची रांग लागली होती. अमेरिकेत जमीन मोकळी होती. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, ब्रॅड लॅकी ५०० सीसीचा पहिला अमेरिकन जगज्जेता झाला, आणि लोमेलच्या संघातला डॅनी लापोर्ट २५० सीसीचा.

त्या काळातल्या एका दृश्याची आठवण जाणकार अजून काढतात. १९८६ ची मोटोक्रॉस देस नासिओं, इटलीतलं माज्जोरा. आता वेगवेगळ्या वर्गांच्या गाड्या एकत्र धावत होत्या. अमेरिकेकडून डेव्हिड बेली, रिक जॉन्सन आणि जॉनी ओमारा. ओमाराच्या बुडाखाली १२५ सीसीची गाडी, शेजारी चौपट मोठ्या गाड्या. आणि हा पठ्ठ्या ५०० सीसीच्या जगज्जेत्या डेव्ह थॉर्पला मागे टाकून गेला. अमेरिकेने ती स्पर्धा मोठ्या फरकाने जिंकली. पाच वर्षांपूर्वी ज्या पोराला लोमेलच्या वाळूत उतरवलं होतं, तोच हा ओमारा.

पुढे रॉजर सुझुकीकडे परतला, व्यवस्थापक म्हणून. २०१० मध्ये रायन डन्जी नावाच्या शांत, शिस्तीच्या मुलाने त्याच्या हाताखाली मोठ्या वर्गातल्या पहिल्याच वर्षी सुपरक्रॉस आणि मोटोक्रॉस दोन्ही जिंकलं. डन्जीत रॉजरने स्वतःला पाहिलं असेल का, कोण जाणे. उधळेपणा शून्य, चुका कमी, शेवटपर्यंत दम. त्यानंतर साठीच्या पुढे गेलेल्या या गृहस्थाने एक अजब निर्णय घेतला. २०११ च्या हंगामासाठी तो ऑस्ट्रियाच्या केटीएमकडे गेला. अमेरिकेच्या मोठ्या वर्गात केटीएमला तोवर कुणी गांभीर्याने घेत नव्हतं. तिथे जपानी चौघांचं राज्य होतं. पुढच्या वर्षी डन्जी त्याच्यामागे गेला आणि २०१२ मध्ये केटीएमला अमेरिकेतलं ४५० सीसी मोटोक्रॉसचं पहिलं अजिंक्यपद मिळालं. त्याच २०१२ च्या जानेवारीत चाकणला तयार झालेली नारिंगी ड्यूक २०० भारतात विक्रीला आली. बजाज ऑटोने २००७ मध्ये केटीएममध्ये हिस्सा घेतला होता, त्याचं हे फळ. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर ती गाडी उडवणाऱ्या पोरांना डी कॉस्टर हे नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. आणखी बारा वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, बालेवाडीच्या क्रीडानगरीत माती ओतून सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. १९७२ ला कोलिझियममध्ये जी युक्ती केली होती, तीच.

२०१२ च्या सप्टेंबरअखेर मोटोक्रॉस देस नासिओं लोमेलला भरली. तीच वाळू. २००५ पासून सलग सात वर्षं अमेरिकेने ही स्पर्धा जिंकली होती, आणि संघात या वेळी डन्जीही होता. या वाळूने मात्र त्यांना उभं राहू दिलं नाही. यजमान बेल्जियम दुसरं आलं, अमेरिका तिसरी. जिंकला जर्मनी, इतिहासात पहिल्यांदा. त्या विजेत्या संघाचा म्होरक्या होता अठरा वर्षांचा केन रॉक्झन. त्याच वर्षी तो अमेरिकेत शर्यती करत होता, केटीएमवर, रॉजर डी कॉस्टरच्या संघातून.